मैलांच्या आकड्यांनी लिहिलेला प्रवास

मोटारहोम घेऊन अलास्काच्या वाटेला लागणाऱ्यांनी लिहिलेली प्रवासवर्णने आता इतकी झाली आहेत की त्यांचा एक स्वतंत्र उपप्रकार मानायला हरकत नाही. साचा ठरलेला असतो. ब्रिटिश कोलंबियातील डॉसन क्रीक येथे शून्य मैलाच्या खांबाशेजारी छायाचित्र, मग लियार्डचे उष्ण झरे, वॉटसन लेकचे पाट्यांचे रान, रस्त्याकडेला चरणारे अस्वल, खडी उडून तडकलेली समोरची काच आणि अखेरीस मावळायचे नाव न घेणारा सूर्य. लेखक बहुधा सेवानिवृत्त. सोबत पत्नी आणि कुत्रा. या वर्णनांत प्रामाणिकपणा पुष्कळ असतो, निरीक्षणही असते. तरी तिसरे पुस्तक हाती घेतले की पहिली दोन आठवेनाशी होतात. असे का व्हावे, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

या रस्त्यावरचे सर्वांत चांगले गद्य आम्हांला सापडले ते वाङ्मय म्हणवून न घेणाऱ्या एका पुस्तकात. ‘द माइलपोस्ट’ ही प्रवासी मार्गदर्शिका. अलास्का महामार्ग नागरिकांना 1948 मध्ये खुला झाला आणि पुढच्याच वर्षी तिची पहिली आवृत्ती निघाली. तिची रचना अगदी साधी आहे. अमुक मैलावर पेट्रोल, अमुक मैलावर पूल, इथे गाडी बाजूला घेण्याजोगी जागा, इथे पुढे रस्ता उखडलेला. विशेषणांना जवळजवळ वावच नाही. मधूनमधून एखाद्या खानावळीची जाहिरात येते, तीही त्या खानावळीच्या मैलापाशीच.

या पुस्तकातील एक गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. महामार्ग वर्षानुवर्षे सरळ करत आणल्यामुळे त्याची लांबी घटली. शेवटचे गाव डेल्टा जंक्शन. त्याचा जुना आकडा 1422 मैल, प्रत्यक्ष अंतर मात्र आता सुमारे 1387 मैल. पण वाटेवरच्या धर्मशाळावजा मुक्कामांनी आणि दुकानांनी आपला पत्ता म्हणून जुनाच मैल धरून ठेवला. त्यामुळे मार्गदर्शिकेला दोन्ही हिशेब सांभाळावे लागतात: एक आजच्या चाकांचा, दुसरा पहिल्या रस्त्याच्या स्मृतीचा. एखाद्या कादंबरीकाराला सुचावी अशी ही कल्पना रस्तेखात्याच्या कामातून आपोआप निपजली आहे.

मराठी वाचकाला इथे महानुभावांच्या ‘स्थानपोथी’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. चौदाव्या शतकातील त्या ग्रंथातही दिशा, अंतरे, देवळाचे तोंड कुणीकडे, या स्थानाच्या पूर्वेस काय आणि पश्चिमेस काय, एवढेच कोरड्या वाक्यांत सांगितलेले आहे. आणि त्या कोरडेपणातूनच भक्ती जाणवते. साम्य मात्र रूपापुरतेच. स्थानपोथीत जागेला मोल आहे ते तिथे कोणी बसले, निजले, बोलले म्हणून. माइलपोस्टमध्ये जागेला मोल आहे ते जाणाऱ्याला तिथे काही मिळते म्हणून. मार्गदर्शिकेचा हा दोष नव्हे, ते तिचे कामच आहे. दोष आहे तो तिच्या मैलांवर आपले अनुभव टांगत जाणाऱ्या आणि तिथे पूर्वी कोण बसले होते हे न विचारणाऱ्या लेखकांचा.

उदाहरण म्हणून युकॉनमधील क्लुआनी सरोवराचा परिसर घेऊ. या वर्णनांतून इथे ‘अस्पर्श’ किंवा तशाच अर्थाचे विशेषण हटकून येते. हा महामार्ग 1942 मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंता-पलटणींनी सुमारे आठ महिन्यांत खोदून काढला. दहा हजारांहून अधिक सैनिक कामाला होते आणि त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश कृष्णवर्णीय होते. वर्णभेदाच्या धोरणानुसार त्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवलेल्या होत्या. औपचारिक उद्घाटन 20 नोव्हेंबर 1942 रोजी याच सरोवराकाठच्या ‘सोल्जर्स समिट’वर झाले. सैनिकांबरोबर गोवर व इतर साथी आल्या आणि टेस्लिनसारख्या मूळनिवासी वस्त्यांत त्या लागोपाठ पसरल्या. बाहेरून आलेल्या माणसांनी शिकारीचा सपाटा लावल्यावर सरकारने 1943 मध्ये क्लुआनीला शिकार-अभयारण्य केले. परंतु त्या बंदीने दक्षिण टचोनी लोकांचीही पिढ्यान्‌पिढ्यांची शिकार थांबली. त्यांच्यापैकी काहींचे हक्क करारान्वये मान्य व्हायला 1990 चे दशक उजाडावे लागले. तेव्हा ज्या निर्मनुष्यतेवर आपले लेखक भाळतात ती निसर्गाची देणगी नाही. ती एका हुकुमाने घडवलेली आहे. ‘अस्पर्श’ या शब्दाला आमचा आक्षेप आहे तो एवढ्यासाठी. तो शब्द नुसता शिळा नाही, तो खोटा आहे.

आता चाकांवरच्या घराविषयी. या प्रकाराचे कुलदैवत म्हणजे जॉन स्टाइनबेकचे ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’. 1960 मध्ये मालमोटारीवर बांधलेल्या खोलीसह, ‘रोसिनांते’ असे तिचे नाव ठेवून, तो अमेरिका पाहायला निघाला; पुस्तक 1962 मध्ये आले. तो अलास्काला गेला नाही, पण तिकडे गेलेल्यांनी सूर त्याचाच उचलला: एकटा माणूस, कुत्रा आणि मोकळा रस्ता. पुढे एका पत्रकाराने 2010 मध्ये त्याचा मार्ग पुन्हा तपासला तेव्हा दिसून आले की बऱ्याच रात्री हॉटेलांत गेल्या होत्या आणि वाटेत कित्येक दिवस पत्नीही सोबत होती. पुस्तकाच्या 2012 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याचा शब्दशः अर्थ घेऊ नये, असे सुचवावे लागले. आम्हांला यात लबाडीपेक्षा निराळेच काही दिसते. चाकांवरचे घर एकांताचे आश्वासन देते, पण संवाद देऊ शकत नाही. म्हणून संवाद रचावे लागतात.

कारण या घराचा खरा गुण असा की त्यात राहणाऱ्याला दुसऱ्याचे दार ठोठवावे लागत नाही. पाण्याची टाकी, स्वयंपाकाचा गॅस, अंथरूण, सगळे बरोबर. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आठवून पाहावा. ग्वाल्हेर, इंदूर, झाशी ही आपल्यापैकी पुष्कळांची गावे. वरसईच्या या भिक्षुकाला तोच दूरचा उत्तर प्रदेश होता. 1857 च्या धामधुमीत त्याला दर मुक्कामी कोणाच्या तरी ओसरीचा आसरा शोधावा लागला, आणि त्या ओसऱ्यांमुळेच त्याच्या पुस्तकात माणसे आली. घर मागे राहिले म्हणून जग पुढे आले. मोटारहोमच्या वर्णनांत माणसे येतात ती पेट्रोल भरताना, सांडपाणी ओतण्याच्या ठिकाणी, नाहीतर शेजारच्या मोटारहोममधून.

घर आणि भूमी यांची गाठ पडते अशी एकच जागा या पुस्तकांत असते, पण ती विनोदात वाया जाते. बीव्हर क्रीकच्या अलीकडे रस्ता लाटांसारखा वरखाली होतो, कपाटे उघडतात, बशा फुटतात. खालची जमीन कायमची गोठलेली आहे. 1942 मध्ये बुलडोझरांनी वरचे शेवाळाचे पांघरूण खरवडून काढले, तेव्हा आतले बर्फ वितळून यंत्रेच चिखलात रुतली. मग ओंडके अंथरून रस्ता न्यावा लागला. आज डांबर आहे, तरी जमीन खचायची थांबलेली नाही. फुटलेली बशी म्हणजे त्या खरवडण्याचा हिशेब आहे, हे एखाद्याने तरी लिहायला हवे होते.

आणखी उत्तरेस, डेम्पस्टर महामार्गावर, हा प्रकार थोडा सुधारतो. रस्ता खडीचा, पील आणि मॅकेन्झी नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात तराफा, हिवाळ्यात बर्फावरूनच रस्ता, आणि नदी गोठताना वा फुटताना दोन्ही नाहीत. तिथे मोटारहोमवाल्याला थांबावे लागते, आणि थांबला की तो जरा बरे लिहितो. रस्त्याला ज्याचे नाव आहे त्या पोलीस अधिकाऱ्याने 1911 मध्ये आपल्याच दलाच्या वाट चुकलेल्या तुकडीची प्रेते शोधली. त्या तुकडीने ग्विचिन वाटाड्याला मध्येच परत पाठवले होते. हा प्रसंग बहुतेक वर्णनांत येतो. वाटाड्या मात्र क्वचितच.

नोव्हेंबर 2017 पासून रस्ता थेट टक्टोयाक्टकपर्यंत, आर्क्टिक महासागरापर्यंत जातो. सागरात पाय बुडवल्याचे छायाचित्र हा आता या पुस्तकांचा नवा शेवट झाला आहे. त्याच किनाऱ्याची गोठलेली माती वितळून समुद्र आत येतो आहे, आणि टोकावरची काही घरे 2020 मध्ये उचलून गावात आत न्यावी लागली. घर चाकांवर घालून आलेले पाहुणे गाडी उभी करतात ती याच गावात.