कस लागायला हवा

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात लढायला शिकवणारे वर्ग भरपूर आहेत. ज्यांच्या लढण्याचा कस लागलेला आहे असे गुरू मात्र फार थोडे. तळवडे, रुपीनगर, त्रिवेणीनगर या भागांत कराटेचे आणि स्वसंरक्षणाचे फ्लेक्स सहज दिसतात. त्यावर काळा पट्टा, पदकं, 'ग्रँडमास्टर'सारख्या पदव्या असतात. हे गुरू कोणाशी लढले आणि निकाल काय लागला, एवढंच नसतं.

वर्गात दिसतं ते असं. गुरू म्हणतात, 'मनगट धर.' विद्यार्थी धरतो, गुरू हात पिळतात, विद्यार्थी आपणहून खाली बसतो. तो पुन्हा उठून दुसऱ्या हाताने ठोसा मारत नाही, कारण तसं सांगितलेलंच नसतं. स्नेहसंमेलनात कौलं फोडली जातात. दोन कौलांमध्ये फट ठेवलेली असते, त्यामुळे वरचं फुटलं की त्याचा भार खालच्यावर येतो आणि एकेक करत थर कोसळतो. फट काढली तर तीच कौलं फार अवघड जातात. शिवाय कौल हलत नाही, उलटून मारतही नाही.

हे फक्त परदेशी कलांचं दुखणं नाही. 2024 च्या शिवजयंतीला दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, याचा मलाही आनंद झाला. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत आडव्या झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं लिंबू दांडपट्ट्याने कापणारा हात खरोखर तयारीचा असतो. पण झोपलेला माणूस प्रतिस्पर्धी नव्हे. याच परंपरेत समोरासमोर खेळायचा फरीगदगा आहे: एका हातात ढाल, दुसऱ्या हातात चामड्याने मढवलेली काठी, आणि समोरचा खरोखर वार चुकवतो. मिरवणुकीत टाळ्या दांडपट्ट्याला मिळतात. कस मात्र फरीगदग्यात लागतो, आणि तोच मागे पडला.

कुस्तीने हा प्रश्न केव्हाच सोडवला. आपल्या जत्रांत प्रेक्षकाला निकाली कुस्ती आणि आधीच ठरवलेली नुरा कुस्ती यांतला फरक कळतो. नुरा दिसली की आखाड्यातूनच ओरडा होतो. जानेवारी 2023 मध्ये कोथरूडला खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीचा शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. त्याच स्पर्धेत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या कुस्तीतल्या गुणांवरून वाद पेटला. लोक व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहून टांग हा डाव लागला की नाही यावर भांडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावच्या महाराष्ट्र केसरीत त्याच शिवराजला सिकंदरने चीत केलं. दहा महिन्यांत गदा दुसऱ्याच्या खांद्यावर गेली, म्हणून शिवराज खोटा ठरला नाही. उलट त्याचं बळ किती आणि कुठे कमी पडतं, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. असं हरण्याची तयारी किती वर्गचालक दाखवतील?

असा कस लावणाऱ्यावरच लोक चिडतात, हे चीनमध्ये दिसलं. तिथे 2017 साली शू शियाओदोंग या मिश्र युद्धकलेच्या लढवय्याने वेई लेई या ताईची गुरूला अर्ध्या मिनिटाच्या आत खाली पाडलं. राग उसळला तो शूवर. परंपरेचा अपमान केला म्हणून. हा राग मला चुकीचा वाटतो. परंपरेचा अपमान तिच्या नावावर न तपासलेले दावे विकणारे करतात.

आणि हे दावे निरुपद्रवी नाहीत. आयटी पार्कमधून किंवा कारखान्यातून रात्रपाळी करून परतणाऱ्या मुलीला एका दिवसाच्या शिबिरात चाकू हिसकावण्याचा डाव शिकवणं, हे मी गुन्ह्याच्या जवळचं मानतो. ती पळून जाऊ शकली असती तिथे त्या भरवशावर थांबेल. व्यायाम, शिस्त, लवचिकता यांसाठी वर्ग चालवा, तसं सांगून चालवा. त्याची फीसुद्धा योग्यच आहे.

पालकांनो, प्रवेश घेण्याआधी गुरूंना एवढंच विचारा: तुमचे विद्यार्थी दुसऱ्या वर्गातल्या, त्यांच्याच वजनाच्या मुलांशी, हेल्मेट-पॅड घालून, डाव आधी न ठरवता खेळतात का? खेळत असतील तर एक लढत समोर बसून बघा. टाळाटाळ झाली तर फी भरू नका.