अमेरिकेची प्रवासवर्णने : पाहिलेले आणि सुटलेले

अमेरिकेला जाऊन आलेल्या मराठी माणसाचे प्रवासवर्णन आम्ही आता पहिल्या पानावरच ओळखतो. मुलगा विमानतळावर घ्यायला येतो, रस्ते गुळगुळीत असतात. मग न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन आणि शेवटी सॅन फ्रान्सिस्कोचा पूल. ‘तिकडची शिस्त, इकडची माया’ असा समारोप ठरलेला. आमची मंडळीही यात मागे नाहीत. त्यांच्या लेखात हलाल मटणाचे दुकान आणि जुम्म्याची नमाज यांची भर पडते, एवढाच फरक. यात वाईट काही नाही. पण इतक्या लांब जाऊन आपण पाहिले काय, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न विचारायला मराठीत एक जुने माप आहे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या, १८८८ पर्यंत तो देश हिंडल्या आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्यांनी मराठी वाचकाच्या हाती दिले. शीर्षकात लोकस्थिती आधी येते, प्रवास नंतर. राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्मपंथ, स्त्रियांची स्थिती यांवर तिथे स्वतंत्र प्रकरणे आहेत. स्त्रियांच्या संस्थांविषयी लिहिताना रमाबाई भारावतात, ही उणीव मान्य करू. पण त्या देशाचे कौतुक करतानाही मूळ रहिवाशांवरचा अन्याय आणि काळ्या माणसांशी होणारा भेदभाव त्यांनी झाकला नाही. आजच्या प्रवासवर्णनांत नेमके हेच हरवले आहे.

स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा घ्या. रमाबाई त्या देशात असतानाच, २८ ऑक्टोबर १८८६ रोजी त्याचे अनावरण झाले. पुतळ्याची उंची प्रत्येक लेखात असते. पण शिल्पकार बार्तोल्दी याने आधी सुएझ कालव्याच्या मुखाशी मिसरी शेतकरी स्त्रीचा दिवाधारी पुतळा उभारण्याची योजना खेदिव इस्माईलपुढे मांडली होती, ती बारगळली, हे कोणी सांगत नाही. देवतेच्या पायाशी तुटलेली साखळी आहे, तिकडेही नजर जात नाही. शेजारच्या एलिस बेटावरून १८९२ ते १९५४ या काळात सुमारे १ कोटी २० लाख माणसे त्या देशात शिरली. आमच्या लेखात ते बेट म्हणजे बोटीचा एक थांबा.

फिलाडेल्फियात सगळे तडा गेलेली घंटा पाहतात. तिच्या शेजारीच राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांचे निवासस्थान होते आणि त्या घरात नऊ गुलाम राबत होते. त्याच शहराच्या कलासंग्रहालयाने २०११ मध्ये यारो मामूत या वृद्धाचे चित्र घेतले. चार्ल्स विल्सन पील याने ते १८१९ मध्ये रंगवले. यारो पश्चिम आफ्रिकेतून आणलेला, गुलामीतून सुटून जॉर्जटाउनमध्ये स्वतःचे घर केलेला मुसलमान होता.

जॉर्जिया राज्यातल्या सापेलो बेटाचे नाव तर आम्हाला मराठी प्रवासवर्णनात कधी भेटलेच नाही. तिथल्या मळ्यावर बिलाली मोहंमद हा गुलाम होता. त्याने अरबी अक्षरांत लिहिलेली छोटी वही जॉर्जिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. लोक बरीच वर्षे ती त्याची रोजनिशी समजत. निघाले ते वुजू आणि नमाजचे नियम, मालिकी फिकहच्या ग्रंथातून आठवून लिहिलेले. ज्याच्याजवळ स्वतःचे शरीरही उरले नव्हते, त्याने पाठ केलेली विद्या कागदावर उतरवून ठेवली. आम्हाला वाटते, हे नायगाऱ्याहून लहान दृश्य नाही.

कोणी म्हणेल, माणूस चार दिवस नातवंडांकडे जातो, त्याच्यावर इतिहासाचे ओझे का? सहलीवर आमचा आक्षेप नाही. ती छापायला दिली की वाचकाचा हक्क सुरू होतो. आणखी एक गोष्ट. आमची गावे, आमचे मोहल्ले, आमची बोली इतरांच्या मराठी लेखनात दिसत नाही, ही आमची जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. मग दुसऱ्यांच्या देशात गेल्यावर तिथला दडपलेला माणूस आमच्याही लेखणीला दिसत नसेल, तर ती तक्रार कोणत्या तोंडाने करायची? पुढचा लेख पाठवणाऱ्याने फोटो कमी पाठवावेत. पण ज्याच्याविषयी गाइडने सांगितले नाही, असा एक तरी माणूस त्यात असावा.