युग्म रात्र, सम तिथी आणि सम तारीख : गर्भलिंगविषयक एका विधानाचे परीक्षण

गर्भाचे लिंग आधी ओळखता येते, किंबहुना ठरविताही येते, ही समजूत जुनी आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात ती 2020 साली न्यायालयापर्यंत पोहोचली. सम तिथीच्या संगाने मुलगा व विषम तिथीच्या संगाने मुलगी होते, अशा आशयाचे विधान कीर्तनकार निवृत्ती महाराज इंदुरीकर यांनी कीर्तनात केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. तथापि गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातीस प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली संगमनेर येथे फिर्याद दाखल झाली. दंडाधिकाऱ्यांचा कार्यवाहीचा आदेश सत्र न्यायालयाने 2021 साली रद्द केला व उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2023 साली तो पुन्हा कायम केला. कायद्याचा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेतील आहे. भाषेच्या अभ्यासकापुढील प्रश्न वेगळा, आणि तो असा : या विधानाचा अर्थ तरी निश्चित आहे काय?

विधानाच्या समर्थनार्थ प्राचीन ग्रंथांचा आधार सांगितला जातो. तो आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुकाळाच्या सोळा रात्री मोजून युग्म रात्री पुत्रासाठी व अयुग्म रात्री कन्येसाठी सांगितल्या आहेत. सुश्रुतसंहितेत चौथी, सहावी, आठवी असा युग्म क्रम पुत्रार्थी दांपत्यासाठी दिला आहे. परंतु या सर्व गणनांचा आरंभ स्त्रीच्या रजोदर्शनापासून होतो. चरकसंहितेत तर गणना स्नानापासून आहे. स्नान चौथ्या दिवशी झाले आणि तोच पहिला दिवस धरला, तर चरकाचा दुसरा, म्हणजे सम दिवस हा सुश्रुताचा पाचवा, म्हणजे विषम दिवस ठरतो. एका गणनेने पुत्राचा असलेला दिवस दुसरीने कन्येचा होतो. ‘पासून’ या एका पदाच्या अर्थावर सगळा नियम उलटतो, ही गोष्ट नियमाच्या दृढतेविषयी पुरेसे सांगून जाते.

कीर्तनातील विधानात ‘रात्र’ जाऊन ‘तिथी’ आली, आणि श्रोत्यांच्या व वृत्तपत्रांच्या बोलण्यात ‘तिथी’ची ‘तारीख’ झाली. हे तीन शब्द पर्यायवाची नाहीत. ऋतुरात्र स्त्रीच्या देहावरून मोजली जाते, तिथी चंद्रसूर्यांच्या अंतरावरून आणि तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून. पौर्णिमा ही पंधरावी तिथी, तिच्यामागून येते ती प्रतिपदा; म्हणजे दोन विषम तिथी लागोपाठ येतात. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, तेथेही तेच घडते. तेव्हा एकच रात्र ऋतूच्या हिशेबाने सम, तिथीने विषम आणि तारखेने पुन्हा सम असू शकते. तिन्ही अर्थ बदलले तरी ज्या वाक्यावरील विश्वास ढळत नाही, ते वाक्य वस्तुस्थितीविषयी काही सांगत नाही, असेच म्हणावे लागेल.

शरीरविज्ञानाची साक्षही हीच आहे. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकते. म्हणून संगाचा दिवस हाच गर्भधारणेचा दिवस असे धरता येत नाही. लिंग ठरते ते त्या बीजातील एक्स अथवा वाय गुणसूत्रावरून; नेटी स्टीव्हन्स व एडमंड विल्सन यांच्या 1905 च्या संशोधनापासून ही दिशा स्पष्ट आहे. संगाची वेळ आणि अपत्याचे लिंग यांचा संबंध विल्कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासला. तो आढळला नाही.

गर्भ राहिल्यानंतरच्या खुणांची कथा निराळी नाही. उजवी बाजू पुत्राची, डावी कन्येची, ही कल्पना चरक-सुश्रुतांत आहे तशी ग्रीक हिपोक्रेटिसाच्या नावावरील सूत्रांतही आहे. वार उजवीकडे रुजली तर मुलगा, हा अलीकडील सिद्धान्त त्याच कल्पनेला यंत्राची भाषा देतो. डोहाळजेवणातील पेढा-बर्फीच्या वाट्या निदान खेळ म्हणून तरी ओळखल्या जातात. दोनच उत्तरे शक्य असलेल्या प्रश्नात कोणताही नियम सुमारे निम्म्या वेळा खरा ठरणारच. खरा ठरला की तो सांगितला जातो. चुकला की गणनेत दोष काढला जातो.

अशा विधानाचे सामर्थ्य मग कशात आहे? माझ्या मते त्याच्या व्याकरणात. ‘मुलगा होतो, मुलगी होते’ ही रचना स्वार्थी आहे. ती वर्णन करते असे भासते. प्रत्यक्षात श्रोता ती विध्यर्थी म्हणून ग्रहण करतो : पहिल्या अर्ध्यावरून काय करावे ते कळते, दुसऱ्यावरून काय टाळावे ते. चरकाने निदान कन्या इच्छिणाऱ्या दांपत्याचा उल्लेख केला होता. आजच्या श्रोतृवर्गात दुसरे अर्धे वाक्य इच्छा म्हणून ऐकणारे कितीसे असतील? ‘मुलगा झाला’ आणि ‘मुलगीच झाली’ या दोन वाक्यांतील एका ‘च’मध्ये त्याचे उत्तर आहे.

हा ‘च’ केवळ भाषेत राहत नाही. गर्भलिंगचिकित्सेवर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला. केंद्राचा कायदा 1994 चा. तरीही या जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या 2001 च्या जनगणनेतील 884 वरून 2011 साली 852 वर आली. ही घट तिथींनी घडविली नाही. सम-विषमाचा नियम स्वतः कोणाचाही जीव घेत नाही. परंतु मुलगी टाळण्याजोगी आहे हे गृहीत तो विनोदाच्या व श्रद्धेच्या स्वरात पक्के करतो, आणि नियम फसला की तेच गृहीत सोनोग्राफीच्या दाराशी नेऊन उभे करते. म्हणून नियमाचे खंडन पुरेसे नाही. वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याचे मूल्य पहिल्याइतके होईल, तेव्हाच तो नियम निरर्थक ठरेल.