हे टक्के कशाचे? ड्रग्जच्या खटल्यातला जामीन आणि एक मोजमाप

पीएचडीच्या पहिल्या वर्षी लॅब मीटिंगमध्ये मी मोठ्या उत्साहाने एक टेबल दाखवलं होतं. आमच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "अगं, हे टक्के कशाचे? पूर्ण सॅम्पलचे की सॉल्व्हंट काढून?" मला उत्तर देता आलं नाही आणि माझं प्रेझेंटेशन तिथेच संपलं.

आज तोच प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचू. मी केमिस्ट्रीची, वकील नाही. पण निकालही शोधनिबंधासारखा वाचता येतो. प्रश्न काय, मोजलं काय आणि त्यातून निष्कर्ष काय काढला, एवढं बघायचं.

आधी पार्श्वभूमी. अमली पदार्थांचा आपला कायदा म्हणजे १९८५ चा एनडीपीएस कायदा. २००१ च्या दुरुस्तीनंतर त्यात शिक्षा जप्त मालाच्या मात्रेवर ठरू लागली: अल्प, मधली आणि व्यावसायिक. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत अल्प, २५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक. मात्रा व्यावसायिक निघाली की किमान शिक्षा १० वर्षं, आणि जामिनाला कलम ३७ लागू होतं. म्हणजे काय? सरकारी वकिलांचा विरोध असेल, तर न्यायाधीशांना दोन गोष्टी पटाव्या लागतात: आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करण्याची शक्यता नाही. इतर काही कलमांनाही ही अट आहे, पण व्यवहारात बऱ्याचदा सगळं वजनावर येऊन थांबतं.

आता प्रश्न, वजन कशाचं? २००८ साली मायकल राज खटल्यात ४ किलोहून जास्त पावडर सापडली होती, पण तिच्यात हेरॉइन होतं दीड टक्क्याच्या आसपास. न्यायालयाने शुद्ध हेरॉइन धरलं, सुमारे ६० ग्रॅम, आणि मात्रा मधली ठरली. २००९ मध्ये सरकारने अधिसूचनेत टीप घातली की पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने ती टीप वैध ठरवली आणि २००८ चा निकाल चुकीचा ठरवला.

आधी निकालाची बाजू नीट मांडू, कारण टीका करताना समोरच्याचा सर्वात भक्कम मुद्दा आधी लिहायचा असतो. रस्त्यावर शुद्ध माल विकला जातच नाही, तो भेसळ करूनच विकतात. फक्त शुद्ध भाग मोजला, तर मोठमोठे विक्रेतेही कमी शिक्षेत सुटतील. शिवाय भेसळीचा पदार्थ स्वतःही घातक असू शकतो. हे मला पटतं.

मग अडतं कुठे? मर्यादांच्या तक्त्यातच. चरसची व्यावसायिक मर्यादा १ किलो, गांजाची २० किलो. झाड एकच! मग वीसपट फरक का? चरसमध्ये नशेचा घटक जास्त दाटलेला असतो, याशिवाय मला तरी दुसरं कारण दिसत नाही. म्हणजे पदार्थाची ताकद हा तक्ता आधीच हिशेबात घेतो. आणि खालची टीप म्हणते, ताकद बघू नका, नुसतं वजन करा. एकाच टेबलात दोन वेगवेगळे छेद! आमच्या मॅडमनी हे टेबल परत पाठवलं असतं.

काल्पनिक उदाहरण घ्या. एकाकडे ६० टक्के शुद्धतेचं २४० ग्रॅम हेरॉइन, म्हणजे १४४ ग्रॅम शुद्ध. दुसऱ्याकडे २ टक्क्यांची २६० ग्रॅम पावडर, म्हणजे ५.२ ग्रॅम शुद्ध. निव्वळ मात्रेवर कलम ३७ लागतं ते दुसऱ्याला. एलएसडीचं तर आणखी विचित्र. मर्यादा ०.१ ग्रॅम, आणि हा पदार्थ कागदाच्या चिमुकल्या तुकड्यांवर शोषलेला असतो. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कागदाचंही वजन धरायला सांगितलं. समजा तुकडा ६ मिलिग्रॅमचा असेल, तर १७ तुकड्यांतच मर्यादा ओलांडली. मग आपण ड्रग मोजतोय की कागद?

माझा मुख्य आक्षेप मात्र पुढचा आहे. हिरा सिंगमधला युक्तिवाद शिक्षेबद्दल आहे: जरब बसावी, तस्कर सुटू नयेत. तोच आकडा जामिनाला लावला की प्रश्नच बदलतो. जामिनात विचारायचं असतं की हा माणूस पळून जाईल का, पुरावे बिघडवेल का. त्याचं उत्तर पावडरमधल्या भेसळीच्या वजनातून कसं मिळणार? एका प्रश्नासाठी तयार केलेलं मोजमाप दुसऱ्या प्रश्नाला चिकटवलं की त्याची वैधता आपोआप सोबत येत नाही. आपल्या प्रयोगात चूक झाली तर फार तर पेपर रिजेक्ट होतो. इथे गुन्हा सिद्ध होण्याआधीच माणसाची वर्षं जातात.

हे न्यायालयालाही दिसलंय. मार्च २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम खटल्यात आरोपी सात वर्षांहून जास्त काळ कच्च्या कैदेत होता. कलम ३७ शब्दशः वाचलं तर जामीन जवळपास अशक्यच होईल, म्हणून प्रथमदर्शनी पुरावा बघा आणि खटल्याला लागलेला उशीरही विचारात घ्या, असं तिथे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि जामीन दिला. दिलासा मोठा आहे, पण तो सात वर्षांनी मिळाला. आणि मोजमाप आहे तसंच राहिलं.

मला वाटतं, शिक्षेसाठी पूर्ण वजन ठेवायचं तर ठेवा, पण जामिनाच्या वेळी शुद्धतेचा आकडाही न्यायाधीशांसमोर असू द्या. त्यासाठी कायदा बदलावा लागेल आणि प्रयोगशाळांचं कामही वाढेल, हे मान्य.

तुम्ही रिसर्च प्रपोजल लिहायला बसाल, तेव्हा तुमच्याही टेबलात कुठेतरी एक कट-ऑफ असेलच. तो कोणी, कशासाठी ठरवला होता आणि तुम्ही तो कशासाठी वापरताय, हे दोन वाक्यांत लिहून बघा. लिहिता आलं नाही, तर टेबल अजून तयार नाही असं समजा.