शंभर होल मारले, म्हणून नमुना शंभर होत नाही

रिसर्च पेपरवर टीका कशी करायची हे शिकायचं असेल, तर आधी एखादी साधी चाचणी हातात घ्या. आज आपण लाकडाच्या ड्रिल बिटची तुलना घेऊ. ती बहुतेक वेळा अशी असते: पाच कंपन्यांचा प्रत्येकी एक बिट, पाइनची फळी, बॅटरीवरचं ड्रिल आणि स्टॉपवॉच. प्रत्येकाने वीस होल मारायचे, वेळेची सरासरी काढायची आणि नंबर लावायचे. बिटचा व्यास, फळी आणि मशीन सगळ्यांना सारखं ठेवलेलं असतं, हे चांगलंच. तरीही निष्कर्ष टिकत नाही. का ते बघा.

पहिलं, नमुना किती? वीस होल मारले तरी बिट एकच. त्या एका बिटला धार नीट लावली नसेल, तर विसाच्या विसाही होलांवर तोच परिणाम दिसणार. मग फरक कंपनीचा की त्या एका नगाचा, हे सांगताच येत नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांबद्दल लिहिताना या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ म्हटलं. तुमच्या प्रयोगात एकाच कुंडीतली दहा पानं मोजली, तर तीच गत.

दुसरं, क्रम. पहिल्या बिटला भरलेली बॅटरी मिळते, शेवटच्याला उतरलेली. हाताचा दाबही तोवर बदललेला असतो. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि दाब सारखा राहील असं स्टँड वापरा.

तिसरं, लाकूड. आपल्या गडहिंग्लजच्या सुताराला दाराची चौकट सागवानात करायची असते. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर मरते. पाइनमध्ये वीस होल मारून हे कळणारच नाही. ताज्या बिटचा वेग आणि धारेचं आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं: ‘चांगला’ म्हणजे काय? आजरा-आंबोली करून घाट उतरला की सावंतवाडी. तिथल्या चितारआळीत मिळते तशा लाकडी खेळण्यातल्या गाडीच्या चाकाला होल अगदी मधोमध आणि कडा न फाटता पडायला हवं. मधे अणी आणि कडेला कापणारी टोकं असलेला बिट तिथे कामाला येतो, कारण टोकं आधी तंतू कापतात आणि मग पातं भुसा उचलतं. साधा पिळाचा बिट सुरुवातीला सरकू शकतो. पण स्क्रूसाठी बारीक होल मारायचं असेल तर तो पुरतो. एकच स्टॉपवॉच या दोन्ही कामांचा न्याय करू शकत नाही.

मग चाचणी कशी करायची? प्रत्येक कंपनीचे निदान पाच बिट वेगवेगळ्या दुकानांतून घ्या. सागवान आणि आंबा अशी दोन लाकडं ठेवा. होलचा व्यास, फाटलेली कड आणि पहिल्या व शंभराव्या होलला लागलेला वेळ मोजा. विश्लेषणात प्रत्येक बिटची एकच सरासरी धरा. म्हणजे प्रत्येक कंपनीमागे नमुना पाचच. पाचशे लिहू नका.

खर्च वाढेल, हे खरंय. परवडत नसेल तर दोनच कंपन्या घ्या, पण बिट पाच-पाच ठेवा. सुताराचे पैसे आणि तुमचा प्रबंध, दोन्ही त्या आकड्यावर उभे राहणार आहेत. पुढचा पेपर उघडाल तेव्हा आधी मेथड्समध्ये जाऊन बघा: मोजमापं किती आणि स्वतंत्र नग किती?