‘मृगनयनी’तली लाखी

वृंदावनलाल वर्मांच्या ‘मृगनयनी’बद्दल (१९५०) आपल्या ग्वाल्हेरात बोलणं निघालं, की ते गूजरी महालावर येऊन थांबतं. राजा मानसिंह तोमर, राई गावची शिकारी पोर निन्नी, आणि मग ती राणी. मला मात्र ही कादंबरी लाखीची वाटते.

लाखी ही निन्नीची मैत्रीण, जातीने अहीर. निन्नीच्या भावाशी, अटलशी, तिचं लग्न लावायला पुरोहित बोधन साफ नकार देतो. राजाने गूजरी केली तर चालतं; गूजराने अहिराची मुलगी केली की धर्म बुडतो! दोघं गाव सोडतात, नटांच्या टोळीबरोबर भटकत नरवरला पोचतात. पंधराव्या शतकातल्या साध्या बाईचं जगणं इथे दिसतं. राणीच्या भागात मात्र कला आणि कर्तव्य यांवरचं बोलणंच फार. मी तर ती पानं भराभर उलटली.

वर्मांना हिंदीचे वॉल्टर स्कॉट म्हणतात. स्कॉटच्या ‘आयव्हॅनहो’त (१८१९) जखमी नायकाला बरी करणारी ज्यू रिबेका शेवटी वडिलांबरोबर इंग्लंड सोडते. मध्ययुगातल्या ज्यू मुलीला लेखकाने मान दिला, घर नाही दिलं. वर्मा तेच करतात. लाखी राईची गढी राखताना लढून मरते. प्रसंग जोरदार आहे, पण लेखकाची सुटकाही त्यातच झाली. ती जगली असती, तर राईत तिच्या हातचं पाणी कोण प्यायलं असतं, ते त्यांनी लिहिलंच नाही.