कुणाच्या छपरावरचा पाऊस?

दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचे रसग्रहण विचारतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे खण ठरलेले. कवितेत पाऊस असला की पहिला खण झटकन भरतो: पाऊस म्हणजे आनंद, नाहीतर विरह. आभाळ दाटले की उदासी, ऊन पडले की आशा. असे लिहून मीही गुण मिळवले आहेत, तेव्हा मुलांबद्दल तक्रार नाही. मोठ्यांची समीक्षाही बरेचदा याच कोष्टकावर चालते. तिथे उदासीला ‘अस्तित्वाची पोकळी’ म्हणतात, एवढाच फरक.

संस्कृत काव्यशास्त्र याहून सावध होते. मेघ, वारा, चांदणे यांना त्याने उद्दीपनविभाव म्हटले. भाव माणसाचा, हवामान त्याला चेतवणारे. मेघ म्हणजेच विरह असे समीकरण त्यात नाही. हालाच्या ‘गाथासप्तशती’त वाट पाहणाऱ्या बायकांना ढग दिसताच धस्स होते, कारण पावसाळ्यात वाटा बंद होत. प्रवासाला गेलेला नवरा तोवर परतला नसेल, तर आणखी काही महिने आशा नाही. त्यांच्या भीतीमागे चिखल आहे, दुथडी भरलेली नदी आहे. हा चिखल विसरून गाथेतला ढग वाचला की हाती फक्त ‘विरहाचे प्रतीक’ उरते.

मराठीत या प्रश्नाला नेमका हात घातला बा. सी. मर्ढेकरांनी. ‘भावनानिष्ठ समतानता’ हा त्यांचा शब्द जड आहे, पण सांगणे सोपे आहे. दोन गोष्टी कवितेत शेजारी येतात त्या दिसायला सारख्या असतात म्हणून नव्हे. त्या मनात सारखीच भावना जागवतात म्हणून. त्यांचीच कविता घ्या. माघातल्या सकाळी उजळत जाणाऱ्या मुंबईच्या बंदराला ते नुकत्याच न्हालेल्या गरोदर बाईची कळा देतात. बंदर आणि बाई यांत डोळ्यांना दिसणारे साम्य शोधू गेलात तर फसाल. साम्य आहे ते त्या संथ, भरलेल्या, काहीतरी होऊ घातलेल्या अवस्थेत. महिनाही उगाच निवडलेला नाही. मुंबईला हवेत जरा कोवळेपणा मिळतो तो त्याच सुमारास. ‘माघ’ काढून ‘वैशाख’ घाला, बंदराला घाम फुटेल आणि प्रतिमा कोसळेल. १९३९च्या ‘शिशिरागम’मध्ये ऋतूंचे रूढ संकेत वापरणारा हा कवी १९४७च्या ‘काही कविता’पर्यंत कुठे पोहोचला, ते या एका महिन्यावरूनही कळते.

आता दोन गळकी छपरे. बहिणाबाई चौधरींच्या एका गाण्यात पहिला पाऊस येतो, माती दरवळते, शिवार भिजते, नदीनाले भरतात. मग घरेही गळायला लागतात. गाण्याचा उत्साह मात्र तसूभर कमी होत नाही. पोरे भिजत, ओरडत बाहेर पडतात. इंदिरा संतांच्या कवितेतही घर गळते. तिथली बाई पावसाची विनवणी करते, की अवेळी असा उच्छाद मांडू नको, माझा तोकडा संसार भिजेल. पुढे कविता वळते. ती पावसालाच कामाला लावते: वेशीबाहेर जाऊन आडवा हो, वाटेवरच्या माझ्या माणसाला माघारी घेऊन ये, मग हवा तेवढा दंगा कर, मी ब्र काढणार नाही.

इथे चरित्राची किल्ली लावून पाहा. दोघीही ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, बहिणाबाई १९१०मध्ये, इंदिराबाई १९४६मध्ये. ‘पाऊस म्हणजे विधवेचे दुःख’ हे सूत्र एकीला लावायला जावे तर दुसरी हसून ते मोडून टाकते. इंदिराबाईंच्या कवितेत तर पाऊस अखेरपर्यंत तोच राहतो, छप्परही तेच. बदलते ते एवढेच, की माणूस परत आला तर गळणे चालेल. ज्या पावसामुळे गाथेतला पांथस्थ अडकून पडत असे, त्यालाच इंदिराबाई पांथस्थाला घरी आणायला धाडतात. दोन हजार वर्षांच्या संकेताला दिलेली ही हळुवार कलाटणी मला मराठी पाऊसकवितेतली सर्वांत मोठी करामत वाटते.

ग्रेस यांच्याबद्दल थोडक्यात. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७मध्ये आल्या आणि संध्याकाळ ही वेळ न राहता एक प्रदेश झाला. ते त्यांना साधले. अनुकरण करणाऱ्यांच्या हाती मात्र धूसरपणा तेवढा आला. दर जूनला फोनवर येऊन आदळणाऱ्या चारोळ्यांतला पाऊस त्याच वाणाचा आहे. तो कुठल्या गावात पडतो, किती पडतो, कुणाचे काय भिजवतो, काही कळत नाही. खिडकी, चहा, ‘ती’. बस्स.

त्याच १९६७मध्ये ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ आल्या. त्यांच्या पावसाला पळसखेडचा पत्ता आहे. बोलीतल्या पावसाला तर स्वभावही असतो: पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्ती. वळीव, झड, रिपरिप, उघडीप, मळभ यांतला प्रत्येक शब्द वेगळा मूड घेऊन येतो, आणि तो कवीने घालायच्या आधीच शेतकऱ्याने घातलेला असतो. इंद्रजित भालेराव, कल्पना दुधाळ यांच्यासारख्या शेतीतून आलेल्या कवींकडे आजची हवामान-कविता सरकली आहे, ती त्यामुळेच. दुधाळांच्या एका संग्रहाचे नाव ‘सिझर कर म्हणतेय माती’. या नावात पेरणी आणि बाळंतपण यांची जुनी जोडी आहे, पण वेळेवर होणारी सुटका नाही.

वेळ हाच आता कळीचा मुद्दा आहे. ऋतूंचे सगळे काव्यसंकेत भरवशाच्या पंचांगावर उभे होते. हवामान खात्याने २०२०मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा बदलल्या. मुंबईतून त्याची परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. मराठवाडा-विदर्भात हा लांबलेला पाऊस कापणीला आलेल्या सोयाबीनवर पडतो आणि उभ्या शेंगांतच दाण्यांना कोंब फुटतात. मातीतून वर येणारा कोंब बहिणाबाईंपासून आपल्या कवितेत शुभच मानला आहे. शेंगेतला हा कोंब पाहून शेतकरी बांधावरच मटकन बसतो. याचे रसग्रहण कुठल्या खणात लिहायचे?